हुरडा भाजेपर्यंतची झोप
शेकोटीत भाजणाऱ्या ज्वारीच्या कणसांचा वास आला की मला मेहकरचा कापसातून सरकी काढायचा जिनिंग कारखाना आठवतो. महाराष्ट्र तेव्हा नुकताच झाला होता, आणि मी अर्धवट शाळा सोडून कोकणातून तिथे कापसाची ओझी वाहायला आलो होतो. अंग कायम मोडलेलं असायचं. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी सरकीच्या ढिगाशी बसून आम्हा सगळ्या कामगारांचा बेत ठरला, एस.टी.नं लोणारला जायचं, खोल उतरून तळ्याला फेरी मारायची, आणि परतताना सुलतानपूरच्या मळ्यात हुरडा. ऐकूनच माझे पाय दुखायला लागले. पण नाही म्हटलं तर परत कोण बोलावणार, या धास्तीनं मी नुसती मान हलवत राहिलो आणि तसाच पेंगलो. "हा कोकण्या तं आताच झोपून राह्यला बे!" एक जण हसला. मी दचकून म्हणालो, "येतो ना, येतो मी!" तेव्हा जिनिंगचं इंजिन चालवणारा म्हातारा म्हणाला, "येशीनच तू. जातानाच तुले मळ्यात सोडतो. झोप तिथं, हुरडा भाजला का उठवतो." आणि दुसऱ्या दिवशी मळ्यात त्यानं खरंच उठवलं, माझ्या अंगावर त्याचं घोंगडं होतं, त्याच्या ओंजळीत गरम दाणे. लोणारचं तळं माझं राहूनच गेलं. पण आजही तो वास आला की डोळे जड होतात, आणि कुणीतरी उठवील असं वाटत राहतं.