वाळक्या ताडातलं बाळंतपण

सुहासिनीबाई अमरावतीला बालवाडीच्या बाई होत्या. नोकरी संपली, पाठोपाठ यजमान गेले, आणि एकुलत्या एका मुलाने, नकुलने, त्यांना टेक्सासच्या पार दक्षिण टोकाला, ब्राऊन्सव्हिलला आणलं. गावाला लागून नदी, नदीपलीकडे मेक्सिको. नकुल रॉकेटच्या कंपनीत, सून रेणू घरूनच लॅपटॉपवर काम करणारी. दोघंही मनाने चांगली, पण दिवसभर घरात चकार शब्द नाही. पोराटोरांच्या गलक्यात जन्म काढलेल्या बाईंना ती शांतता खायला उठायची.

मागच्या अंगणात एक वठलेला ताड होता. शेंडा कधीच गेलेला, नुसता खांब उरलेला. नकुल तो पाडायला माणूस बोलावणार, तेवढ्यात शेजारच्या ग्लोरियाबाई धावत आल्या. गावातले पोपट वाचवायला धडपडणाऱ्या मंडळींपैकी त्या एक. त्यांनी वर बोट दाखवलं. खोडातल्या ढोलीत डोकं घालून एक हिरवागार पोपट आतली जागा बघत होता. कपाळ कुंकवासारखं लाल.

“मेक्सिकोच्या रानात ही जात संपत आलीय,” ग्लोरियाबाई म्हणाल्या. “झाडं तुटली, पिल्लं चोरीला गेली. उरलेले थोडे इथे, आपल्यासारख्या गावांत. हिवाळाभर थव्याने हिंडतात आणि वसंतात असं वाळकं खोड शोधत येतात. एवढं उभं ठेवा. आणि लांबून बघा. खायला घालू नका, बोलावू नका. माणसाची भीती हेच त्यांचं कवच.”

बाईंनी मान डोलावली. इंग्रजी कळलं होतं, पटलं नव्हतं.

चार दिवसांत मादी आली आणि ढोलीत बसली ती बसलीच. नर बाहेरून आणून तिला भरवू लागला. बाई खिडकीशी उभ्या राहून बघत राहिल्या.

“रेणू, लेक बाळंतपणाला माहेरी आलीय गं. आणि तो बघ, जावई कसा राबतोय बिचारा.”

“आई, ग्लोरिया म्हणाली होती ना, नो फीडिंग!” रेणूने सासूच्या हातातली वाटी बघून म्हटलं.

“ती त्यांच्याकडची रीत. आपल्यात बाळंतिणीला आणि जावयाला उपाशी ठेवतात होय?”

बाईंना मुलगी नव्हती. कुणाचं माहेरपण करायचं राहूनच गेलं होतं. त्यामुळे रेणूने ती वाटी बाहेर जाऊ दिली.

भिजवलेले दाणे आणि मक्याचं कणीस रोज पडवीच्या कठड्यावर जाऊ लागलं. बालवाडीत खाऊच्या वेळी वाजवायच्या तशी टाळी बाई वाजवायच्या. दोन हळू, तीन भराभर. जावई आधी तारेवरून बघायचा, मग कुंपणावर यायचा, मग थेट कठड्यावर. पुढे अंडी फुटली, आणि पिल्लांना ऊब देऊन लेकही क्षणभर उतरू लागली. नकुलने व्हिडिओ काढला. “आई, यू आर अ रॉकस्टार यार!” बाई लाजून हसल्या.

कुंपणामागे अरुंद गल्ली होती. तिथे एक करडी पिकअप उभी राहू लागली. आतल्या माणसाने एकदा काच खाली करून हात हलवला. “ब्युटिफुल बर्ड्स.”

“बेबीज इनसाइड,” बाईंनी ताडाकडे बोट दाखवून कौतुकाने सांगितलं. लेकीचं कौतुक केलेलं कुठल्या आईला नको असतं?

त्यानंतर तो माणूस हात हलवीना. काच बोटभर उघडी असायची, आणि त्या फटीतून कुणीतरी बघत असायचं. बाईंना ते खटकायचं. मग त्या स्वतःलाच दटावायच्या, उगाच कुणावर संशय घेऊ नये.

एका दुपारी बाई कणीक मळत होत्या. बाहेर टाळी वाजली. दोन हळू, तीन भराभर.

बाईंनी परातीतले आपले हात पाहिले. दोन्ही हात पिठात होते.

त्या धावत दारात येईपर्यंत जावई कुंपणाकडे झेपावला होता. पलीकडून जाळं उडालं. एक किंकाळी, दार आपटल्याचा आवाज, आणि पिकअप निघून गेली. कठड्यावर दाणे नव्हते. दाण्यांची गरजच पडली नव्हती.

ग्लोरियाबाई रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. पोलीस आले, लिहून घेऊन गेले. गाडीचा नंबर कुणी पाहिला नव्हता.

“तो परत येईल,” ग्लोरियाबाई म्हणाल्या. “जोडीला गिऱ्हाईक लवकर मिळतं. मादीही टाळीला येते?”

“येते.”

“इतकी लहान पिल्लं आईवाचून जगवणं फार कठीण आहे. ती गेली तर सगळंच गेलं.”

“मग मी काय करू?”

“तिला तुमची भीती वाटली पाहिजे, सुहा. त्या टाळीची वाटली पाहिजे.”

दुसऱ्या सकाळी बाईंनी टाळी वाजवली. लेक विश्वासाने कठड्यावर उतरली, मान वाकडी करून बघू लागली. बाईंनी पाठीमागे लपवलेलं ताट काढलं आणि त्यावर लाटणं बडवलं. “चल नीघ! पुन्हा पाऊल टाकू नकोस इथं!” ती उडाली, आणि जरा वेळाने पुन्हा आली. मग बाईंनी नळीने पाणी मारलं. पंख भिजून ती गवतावर पडली, धडपडत ढोलीत शिरली. बाई आत येऊन न्हाणीघराचं दार लावून रडल्या. संध्याकाळी पुन्हा ताट घेऊन बाहेर आल्या.

आठवडा असाच गेला. आता टाळी ऐकली की लेक किंचाळत दूर जायची.

आणि एका संध्याकाळी करडी पिकअप गल्लीत येऊन थांबली. नकुल कामावर होता. रेणूने पोलिसांना कळवलं, त्यांना यायला वेळ लागणार होता. ग्लोरियाबाईंना फोन लावला, त्या गावाच्या दुसऱ्या टोकाला होत्या.

टाळी वाजली. लेक ढोलीतून बाहेर आली आणि छपरांवरून पार दिसेनाशी झाली. “सुटली गं बाई,” बाई पुटपुटल्या.

पिकअप हलली नाही. इंजिन घरघरत राहिलं. ढोलीत पिल्लं भुकेने ओरडू लागली. थोड्या वेळाने लेक लांबच्या तारेवर येऊन बसली. पडदा जरा हलला आणि ती पुन्हा उडाली. ती आता पिकअपपेक्षाही या खिडकीला भीत होती.

“आई, मी ताट वाजवते, तो पळून जाईल,” रेणू म्हणाली.

“तीही जाईल. अंधार पडायच्या आत तिने भरवलं नाही तर पिल्लं जायची.”

दोघी खिडकीखाली, फरशीवर भिंतीला टेकून बसल्या. बाहेर पिल्लांचा आक्रोश वाढत गेला. बाईंनी पदराचा बोळा तोंडात धरला.

मग ओरडणं एकाएकी थांबलं.

“आली वाटतं ती,” रेणू कुजबुजली. “की त्यानेच... आई, मी बघू?”

बाईंनी तिचं मनगट घट्ट धरलं. “नको. आली असेल तर उडून जाईल.”

गल्लीत इंजिन अजून चालू होतं. दोघी तशाच बसून राहिल्या.