ग्लासातला फेस

धाकट्या सुनेचं काम पाहुण्यांना समजावून सांगताना घरच्यांची पंचाईत व्हायची. जाहिरातींचे फोटो काढतात तिथे ती खाण्यापिण्याचे पदार्थ सजवायची. आइस्क्रीम दिव्यांखाली वितळतं, म्हणून कुस्करलेल्या बटाट्याचे गोळे. दुधाऐवजी पांढरा डिंक. "सून उत्तम रांधते, फक्त ते खाऊ नका," असं सासूबाई कौतुकाने सांगायच्या.

त्याच सासूबाईंनी एका सकाळी रक्तदाबाची गोळी डबीत परत टाकली.

"आजपासून बंद. पेपरात बातमी आलीय. ही पावडर दुधातून घेतली की गोळ्या सुटतात. माझ्या ताईने मागवलीसुद्धा."

मागे गोळ्या चुकल्या, तेव्हा सासूबाई चक्कर येऊन मोरीत पडल्या होत्या. सुनेने पेपरचं पान ओढून घेतलं. फोटोत फेसाळ ग्लास हातात धरलेली एक हसरी म्हातारी. ग्लास ओळखून ती ओशाळली.

"आई, हा फेस माझा आहे."

"तुझा?"

"भांड्यांच्या साबणाचा. खऱ्या पावडरीचा नुसता गाळ बसत होता."

"घरचाच चोर!" सासूबाईंनी कपाळाला हात लावला. पण सहजी हार मानतील तर त्या सासूबाई कसल्या? "तुझं आइस्क्रीम बटाट्याचं, म्हणून दुकानातलंही बटाट्याचं असतं का गं? फेस खोटा असेल, पावडर खरी असेल."

सुनेला हे पटलं. "बरोबर. फेस सोडा. हे सांगतंय कोण, ते बघू."

दोघी डोक्याला डोकं लावून बसल्या. 'तज्ज्ञांच्या मते' पानभर होतं, तज्ज्ञाला मात्र नाव नव्हतं. 'हजारो रुग्ण' कुठले, पत्ता नाही. बातमीदाराचं नाव असायचं तिथे मागणी नोंदवायचा फोन नंबर. आणि वर कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरांत: जाहिरात.

"बातमीचं सोंग घेऊन आलीय मेली!" सासूबाई म्हणाल्या. "थांब, डॉक्टरांनाच विचारते. ते बंद म्हणाले तर बंद."

डॉक्टर काय म्हणाले ते सुनेला ऐकू आलं नाही. पण "हो हो, आत्ताच घेते" म्हणत सासूबाईंनी डबी उघडली. गोळी गिळून लगेच बहिणीला फोन लावला.

"ताई, तो पुडा फोडू नकोस. आधी तुझी गोळी घे. अगं, बातमी कसली डोंबलाची! लिहिणाऱ्याचं नाव शोधून दाखव, मग बोलू."

पलीकडे कागद उलटसुलट केल्याचा आवाज येऊ लागला. सासूबाई खुर्चीत आरामात टेकल्या. त्यांना काही घाई नव्हती.