हॅलोभाऊची पाळी

लोक त्याला हॅलोभाऊ म्हणत. सभा कुणाचीही असो, लाउडस्पीकर त्याचा आणि पहिला शब्दही त्याचाच: "हॅलो, माइक टेस्टिंग, एक, दोन, तीन." बस्स! पुढचं सगळं दुसऱ्यांनी बोलायचं आणि याने मशीनमागे बसून बटणं फिरवायची.

यंदा निवडणुकीला त्याची सख्खी धाकटी बहीण उभी राहिली, आणि भाऊच्या पोटात दुखायला लागलं. वॉर्डातलं शेंबडं पोरसुद्धा त्याला ओळखायचं, आणि तिकीट कुणाला, तर हिला! का? दवाखान्यात नर्स होती, बोलते छान. बरं, तेही गिळलं बिचाऱ्याने. निदान शेवटच्या सभेत तिची ओळख करून द्यायचा मान तरी आपल्याला मिळेल, म्हणून आरशापुढे भाषण घोकलं, नवा शर्ट घातला. मान मिळाला हेडमास्तरांना. आता बोला!

हेडमास्तर म्हणाले, उमेदवार गरिबीतून वर आल्या, स्वतःच्या हिमतीवर शिकल्या. भाऊ मशीनमागे दातओठ खात होता. मग बहीण उठली. कामावर जाणाऱ्या आयांसाठी गल्लोगल्ली पाळणाघर काढू, म्हणाली. बाजारात बायकांसाठी स्वच्छतागृह बांधू. नवऱ्याचा मार खाणारीला अपरात्रीही दार उघडेल असं एक घर उभारू. एकेक टाळी पडत होती आणि इकडे भाऊला चिमटे बसत होते. तिचा आवाज जरा बारीक करावा म्हणून हात शिवशिवत होते, पण धंद्याशी बेइमानी त्याच्याच्याने होईना.

एवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "आवाज येत नाही!" भाऊने एक बटण फिरवलं, आपल्याजवळचा माइक उचलला आणि विचारलं, "आता येतोय का?" येत होता. माइक तसाच हातात राहिला.

"आणि शाळेजवळचं दारूचं दुकान मी हलवणारच," बहीण म्हणाली. "दारूने घराची कशी माती होते, ते मी लहानपणी पाहिलंय."

"पाहिलंय म्हणे!" भाऊ शेजारी बसलेल्या बायकोकडे वळला. "बाबांना त्या दुकानातून खांद्यावर टाकून आणायचो मी! त्यांची ओकारी पुसायचो मी! ही महाराणी तेव्हा डोक्यावरून पांघरूण ओढून पडायची!"

"अहो," बायकोने कपाळाला हात लावला, "माइक चालू आहे."

मोठमोठ्या पुढाऱ्यांना जो दरडावायचा, की माइकजवळ तोंड सांभाळा, त्यानेच ही माती खाल्ली! सगळं मैदान मान वळवून त्याच्याकडे बघत होतं. भाऊला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

स्टेजवर बहिणीचा चेहरा पांढराफटक पडला होता. "खरं आहे ते," ती म्हणाली. "मी पांघरूण ओढायचे. दादाने कधी ओढलं नाही. बाबांचं मला कुणाला सांगता आलं नाही, आणि म्हणून दादाचंही राहूनच गेलं. दादा, तू वर ये. तू सांग."

भाऊ वर चढला. हेडमास्तर बाजूला झाले. बहिणीने स्वतःच्या हाताने माइक त्याच्यापुढे केला. ज्याच्यासाठी जन्मभर जळला, ते आता समोर होतं. घोकलेलं भाषण कुठल्या कुठे पळालं होतं आणि डोळ्यांपुढे फक्त बाबा होते, भिंतीला धरून उभे राहिलेले.

"हॅलो," भाऊ म्हणाला. घसा खाकरला. "एक... दोन... तीन."

मैदान खो-खो हसलं. बहीण तेवढी हसली नाही. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि ती थांबली. भाऊचे ओठ हलत होते, शब्द येत नव्हता.

आवाज मात्र शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ गेला होता.