ग्रुपवरचे साहेब

मीरा रोडला ज्या बिल्डिंगीत मी पाचव्या मजल्यावर पोळ्या करते, तिथल्या एका साहेबांचं नाव मला ठाऊक नाही. दिसले की केसांवरून हात फिरवत विचारतात, "मावशी, गुडघे कसे आहेत?" तेच साहेब सोसायटीच्या ग्रुपवर लिहायचे, "कामवाल्या बायकांना लिफ्ट बंद करा." जिच्याकडे पोळ्या करते त्या आमच्या ताई मला त्यांचा फोटो दाखवून ते वाचून दाखवायच्या.

शेवटी गच्चीवर मीटिंग झाली. मी चहा देत होते. सेक्रेटरी म्हणाले, "बंद करायची त्यांनी हात वर करा." साहेबांचा हात निघाला, पण समोर मी दिसले तसा तो केसांत शिरला. "इथे कशाला? ग्रुपवर बघू," ते म्हणाले. सगळ्यांना पटलं. चहाचंही कौतुक झालं.

मी कप विसळेपर्यंत ग्रुपवर होकाराचे अंगठे उमटले. ते मात्र ताईंनी वाचून दाखवलं नाही. दुसऱ्या दिवशी वॉचमनने लिफ्टपाशी अडवलं, तेव्हा कळलं.

तिसऱ्या मजल्यावर मी धापा टाकत उभी होते. साहेब लिफ्टमधून बाहेर आले. "अरेरे मावशी, जिन्याने कशाला? लिफ्टने यायचं ना!"

मी कधी कुणाला उलट बोलत नाही. त्या दिवशी बोलले, "साहेब, हे ग्रुपवर टाका ना."

त्यांचा हात पुन्हा केसांत गेला.