‘फाइन’वर विश्वास न ठेवणारे इलियासभाई

ओमानच्या जूनमध्ये मला गाडीच्या डिकीत स्वेटर घेऊन हिंडायला लावणारा माणूस आज सकाळी गेला.

तक्रार गंभीर आहे. बाहेर डांबर वितळतंय आणि आत मस्कतच्या आइस रिंकवर एक संस्कृतचा पदवीधर कानटोपी घालून कुडकुडतोय. का? तर त्याच्या लेकीला, अवनीला, आइस हॉकीत गोलकीपर व्हायचं होतं.
आणि कोच इलियासभाई तिला "ये" म्हणाले होते.

इलियासभाई मूळ रत्नागिरीकडचे, वाढले कॅनडात.
तिथे लहान लहान गावांच्या टीम्समधून वर्षानुवर्षं खेळले. दिवसा गोदामात नोकरी, संध्याकाळी मॅच. मोठ्या लीगचं बोलावणं कधी आलंच नाही.
मग बहिणीकडे मस्कतला आले आणि इथल्या पोरांचे कोच झाले.
मराठी आईकडून शिकलेली. ऐकताना वाटे, दापोलीचा खलाशी चुकून बर्फावर उतरलाय.

मागच्या हिवाळ्यातली मॅच. आम्ही एका गोलने पुढे, वेळ थोडाच उरलेला.
समोरचा एक दांडगा पोरगा घसरत थेट अवनीवर आदळला. तिचं डोकं गोलच्या खांबावर.

ती उठेना.

मी धावलो. इलियासभाईंनी दारातच हात आडवा घातला.
"भाऊ, आत नाय. आधी मी."

स्थितप्रज्ञाची सगळी लक्षणं मला पाठ आहेत. त्या क्षणी एकही कामाला आलं नाही.

ते तिच्याजवळ गुडघे टेकून बसले. थोड्या वेळाने ती उठून बसली, तशी दोन्हीकडची पोरं काठ्या बर्फावर आपटू लागली. मला वाटलं, घाई करताहेत. मी शुद्ध मराठीत ओरडलो. शेजारच्या बाईंनी समजावलं, पडलेला उठला की यांच्यात टाळ्या अशाच वाजवतात.

"आय ॲम फाइन, कोच," अवनी म्हणाली.

त्यांनी विचारलं, आज वार कोणता, सकाळी काय खाल्लंस, समोर कुठली टीम. तिने सगळं बरोबर सांगितलं. बाप म्हणून मी सुखावलोही.

"खलास. आज बाहेर."

ती चिडली, रडली. गोलमध्ये दुसरा पोरगा उभा राहिला.
आम्ही हरलो. टीम त्यांच्याशी बोलेना.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं, मेंदूला मार बसलाय, काही महिने खेळ बंद.

पुढे एकदा त्यांना घरी सोडताना मी विचारलं, उत्तरं तर बरोबर होती ना?
"टीमचं नाव तिने स्कोअरबोर्डावर वाचलं, भाऊ. मी पण तेच करायचो. फाइन म्हणायचो, नि माझा कोच खूश व्हायचा."
हे सांगताना ते मस्कतच्या दार्सैत भागातली स्वतःचीच गल्ली शोधत होते.
मी वळण दाखवलं.

आज दुपारी अस्रच्या नमाजानंतर दफन झालं. टीमचे मुलगे जर्सी घालून आले होते. अवनी इलियासभाईंच्या बहिणीजवळ घरी बसून होती.

शुक्रवारी मॅच आहे. रद्द करू नका, असं पोरांनीच सांगितलं. कोचसाठी खेळायचंय म्हणतात.
गोलमध्ये अवनी.

इलियासभाई, शांत झोपा. आमची एक मॅच तुम्ही हरू दिलीत, हे आम्ही विसरणार नाही.

बाकी खरं सांगतो. शुक्रवारी ती पडली, तर तुमच्यासाठी म्हणून उठेल आणि फाइन म्हणेल.
ते खोटं असलं, तर मला ओळखता येणार नाही.
मला त्याचीच भीती वाटते आहे.