हिरव्या भुकटीसाठी डॉक्टरच्या आवाजात फोन

नशेच्या तपासणीची गोठ सांगतो म्हटलं का लोकं खुर्ची पुढं सरकवतेत. त्याहिले वाटते आता पोलिसाची गाडी येईन, कोनाच्या तरी खिशातून पुडी निघन, एखादं पोट्टं भिंतीवरून उडी मारन. तसं काही नाही. पुडी आहे या गोठीत, पन ती काकूच्या सयपाकघरात हळदीच्या डब्याजवळ पडलेली होती, अन् काकूनं ती एकडाव मेंदी समजून डोक्याले लावली होती. रंग काही चढला नाही.

पुडी माह्या चुलतभावाची. मी त्याले दादा म्हनतो. दादा हार्वेस्टर चालवे. सोयाबीनच्या सीझनमध्ये मशीनवर बसून बसून त्याच्या कंबरेचा पार भुगा होये. संगतच्या एका ड्रायव्हरनं त्याले ही हिरवी भुकटी देली. परदेशातल्या झाडाचा पाला आहे म्हने, ताकात टाकून पे, कंबर दुखत नाही अन् पेंग येत नाही. आता आमच्याकडे पाला म्हटलं का इषय संपला. शेवग्याचा पाला, निंबाचा पाला, तरोट्याचा पाला. पाल्याले कोनी औषधसुदिक म्हनत नाही, नशा तं लय दूर राह्यली. दादा ताक पेत राह्यला.

मंग त्याले गॅसच्या टँकरवर पक्क्या नोकरीचं बोलावनं आलं. धुळीतून सुटका, बाराही महिने पगार. काकूनं तं अख्ख्या गल्लीले सांगून बी टाकलं. फक्त तपासणी बाकी होती. दादा सकाळीच बुलढाण्याच्या लॅबमध्ये लघवी देऊन आला. तिथल्या मानसानं कोनतं औषध चालू आहे का असं इचारलं, तं दादा नाही म्हने. घरी येऊन त्यानं सहज पुडीवरचं नाव मोबाईलमध्ये टाकलं. क्रेटम. वाचता वाचता त्याचं तोंड पुडीसारखं हिरवं पडलं. हा पाला आंगात जाऊन थोडा अफूसारखा वागते म्हने, अन् सवय बी लागते. तपासणीत दिसते का? एक म्हने दिसते, दुसरा म्हने नाही दिसत, तिसरा आपलाच काढा विकून राह्यला होता.

दादा म्हने लॅबवाल्यालेच फोन लावू. म्या म्हटलं, तो तुले काऊन सांगन? आपल्या डॉक्टरले सांगन, त्याचे पेशंट तिथंच जातेत.

अन् डॉक्टर तं माह्या गळ्यातच होता.

शाळेपासून माह्याकडे आवाजांचा ष्टॉक आहे. हेडमास्तर, एसटीचा कंडक्टर, बाजारात भोंग्यावर चादरी विकनारा, पोट दुखनारी बकरी. पन लग्नात पब्लिक फर्माईश करे ती आमच्या अमडापूरच्या डॉक्टरचीच. नाकातला आवाज, आधी घसा खाकरनं, अन् काहीबी इचारा, जवाब एकच. सलाईन लावू का? करून टाका. पट्टी बदलू का? करून टाका. एकानं पोरीचं लग्न जमवू का म्हटलं, त्यालेबी तेच.

म्या लॅबले फोन लावला, स्पीकर चालू केला, खाकरलो. लॅबवाला लगेच सर सर कराले लागला. मले तं आंगावर काटा आला, जसा खरोखरच गळ्यात स्टेथोस्कोप अडकवून बसलो. क्रेटमबद्दल इचारलं. तो म्हने, सर, आपल्या नेहमीच्या तपासणीच्या पट्टीत ते येत नाही, पट्टी गांजा, अफू अशा ठरलेल्याच गोष्टी पाह्यते.

हे आयकताच दादानं पलंगावर उडी मारली. काय नाचला तो. मले हासू येऊन राह्यलं, पन आवाज म्या सोडला नाही.

लॅबवाला बोलतच होता. "पन खास तपासणी मागवली तं सापडते, सर. त्याचं मशीन वेगळं, सॅम्पल मुंबईले पाठवा लागते. घेऊन काही दिवस झाले तरी सापडू शकते, मानसा-मानसावर आहे. तुमच्या गावचा एक ड्रायव्हर सकाळी आला होता, त्याच्यासाठीच इचारून राह्यले का?"

"हाव," म्या नाकातून म्हटलं.

"मंग त्याचं सॅम्पल आजच्या कुरियरनं पाठवू का?"

"करून टाका."

फोन कट.

देवाशपथ, ते मी बोललोच नाही, डॉक्टर बोलला. आवाजासंगत त्याची सवय बी फुकट येते हे मले कोनी सांगितलंच नव्हतं. दादा पलंगावर एका पायावर उभा होता तसाच राह्यला. म्या घाईघाईनं परत फोन लावला, का बाबा पाठवू नोको. पन आता डॉक्टर गळ्यातून निंघेचना. आधी कंडक्टर निंघाला, मंग बकरी. लॅबवाल्यानं कोन बोलून राह्यलं म्हनून दरडावलं, अन् म्या फोन फेकला.

दादानं गाडीले किक मारली. कुरियर संध्याकाळी निंघे. आता खऱ्या डॉक्टरशिवाय काही खरं नव्हतं.

दवाखान्यात बाकड्यावर पेशंट दाटीनं बसेल होते. दादानं सगळं सांगितलं, भुकटीपासून. डॉक्टरनं आयकून घेतलं अन् माह्याकडे मान वळवली.

"कर."

"काय कर, सर?"

"मी कसा बोलतो ते."

सगळ्याहिच्या पुढं मले करावं लागलं. बाकड्यावरची एक बाई पदरात तोंड घालून हासत होती, कंपाउंडर भिंतीकडे पाहून. डॉक्टरनं लॅबले फोन लावला. पन त्या दिवशी त्याचा घसा सर्दीनं बसेल होता. लॅबवाला म्हने, आज तिसरा फोन आहे, पहिला खरा होता, तुम्ही कोन? डॉक्टर कान लाल होईपर्यंत समजावत राह्यला का पहिला खोटा होता, माह्या नावानं तपासणी मागवूच नोको. शेवटी लॅबवाला कंटाळून म्हने, "बरं, सॅम्पल थांबवू का मंग?"

"करून टाका," डॉक्टर म्हने.

"हाव सर, आता ओळखलं."

दवाखान्यात जो हशा झाला, त्यात दादा बी हासला. मले वाटलं, सुटलो. तेवढ्यात डॉक्टरनं मोबाईल दादापुढं धरला.

"माझ्या नावची खोटी तपासणी मी थांबवली. तुझं खरं बोलणं थांबवलं नाही. पट्टीत दिसलं नाही म्हणजे आंगात नाही, असं आहे का? गॅसचा टँकर चालवणार तू. कंपनीच्या डॉक्टरला फोन लाव."

दादानं माह्याकडे पाह्यलं. या डाव त्याचा आवाज काढाले कोनीच नव्हतं. त्यानं स्वतःच्या आवाजात फोन लावला, अडखळत सगळं सांगितलं. तिकडचा डॉक्टर म्हने, पाला सोडून द्या, पुढच्या महिन्यात या, तवा ती मुंबईची तपासणी बी होईन. पाला सोडल्यावर दादाचं आंग ठनके, झोप येत नव्हती, काकूवर खेकसे. आमच्या डॉक्टरनं ते निभावून नेलं. आज तो टँकरवर आहे, ताक बिनपाल्याचं पेते.

पन ते नंतरचं. तवा त्यानं फोन ठेवला, अन् डॉक्टर खुर्चीतून उठला. हासू सगळं बंद.

"बेट्या, या आवाजावर हे लोकं डोळे मिटून गोळी गिळतेत. उद्या याच आवाजात तू कंपाउंडरला म्हटलं असतं, सुई देऊन टाक, तर? भावाची भाकर घालवत होता तू दोन शब्दांत. लग्नात कर, बाजारात कर, बकरीचा कर. माझ्या आवाजात पुन्हा फोन लावला तर नरड्याला टाके घालीन."

तो बोलत होता अन् त्याचा डावा खांदा दर शब्दाले वर उडत होता. रागावला का उडते, हे मले आजलोक मालूमच नव्हतं.

डॉक्टर थांबला.

"पाहून काय राह्यला बे? हेबी घेऊन राह्यला का?"