नवऱ्याच्या नावावरची सीट

सीट मी जिंकली आणि तिच्यावर जाऊन बसले आमचे हे. इतकी वर्षं झाली, तरी सांगताना माझा आवाज चढतोच.

माझ्या माहेरी पत्ते म्हणजे जीव की प्राण. गणपतीत दुपारची जेवणं उरकली की सतरंजी पडायची, आणि रमीत मला हरवणारा माणूस आमच्या आळीत नव्हता. ह्यांना लग्नाआधी बदाम सातच्या पलीकडे काही येत नव्हतं. भुलीचे डॉक्टर. माणसं झोपवण्यात हुशार, पत्त्यांत मात्र स्वतःच झोपलेले.

इंग्लंडात मिल्टन कीन्सला आलो तेव्हा टीव्हीवर पोकर जोरात होतं. ह्या खेळाची चॅम्पियनशिप म्हणजे पूर्वी अमेरिकेत जमलेल्या मूठभर जुगाऱ्यांचं घरगुती प्रकरण. पहिल्या खेपेला तर विजेता म्हणे मतं घेऊन ठरवला. बघायला कोण जाणार, सगळे पत्ते उलटे! मग इथल्याच टीव्हीवाल्यांनी टेबलात काच बसवून खालून कॅमेरा लावला, आणि कोणाच्या हातात काय आहे ते घरबसल्या दिसायला लागलं. त्यात तिकडे एक साधा अकाउंटंट ऑनलाइन छोटी स्पर्धा जिंकून मोठीत शिरला आणि जगज्जेता झाला. हिशेब लिहिणारा माणूस! म्हटलं, मग मी काय घोडं मारलंय?

पोकरच्या साइटवर खातं उघडताना कार्ड ह्यांचं, म्हणून नाव ह्यांचं. गॅस, कौन्सिल टॅक्स, गाडी, सगळंच ह्यांच्या नावावर होतं, त्यात आणखी एक. मुलं शाळेत गेली की मी लॅपटॉप उघडायची. एका दुपारी वरण करपलं, स्मोक अलार्म कोकलत होता आणि मी अशीच एक छोटी स्पर्धा मारून लंडनच्या चॅम्पियनशिपची सीट, म्हणजे तिथे खेळायची जागा, जिंकली. ईमेल आली ह्यांच्या नावानं. सीट खातेदाराचीच, दुसऱ्या कोणाला देता येणार नाही.

"अगं, वाया कशाला घालवायची?" हे म्हणाले. "तू शिकव, मी बसतो."

शिकवलं. पोळ्या लाटता लाटता शिकवलं. कधी पत्ते टाकून डाव सोडायचा, कधी हातात काही नसताना नुसता आव आणायचा. लंडनला जाताना ट्रेनमध्येसुद्धा उजळणी घेतली.

टेबलावर इंग्रजीशिवाय बोलायला बंदी, आणि प्रेक्षक दोरीच्या अलीकडे. तिथे कुठली काच नि कुठला कॅमेरा! मला दिसत होती फक्त ह्यांची पाठ आणि टक्कल. ब्रेकमध्ये माझ्यापासून दोन हातांवर, दोरीजवळ, शेजारच्या खेळाडूनं ह्यांना विचारलं, तुमची बायको पण खेळते का? हे हसत हसत म्हणाले, छे, तिला पत्ते अजिबात आवडत नाहीत, ती शॉपिंगला आलीय. खरं बोलले असते तर सीट गेली असती, हे मलाही कळत होतं. पण इतकं हसायचं कारण नव्हतं.

आणि हे जिंकायला लागले. काही नसताना सगळ्या चिप्स पुढे ढकलल्या, समोरच्यानं पत्ते टाकले, मग ह्यांनी आपली फुसकी पानं उलटून दाखवली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो डाव माझा होता, पोळपाटाशी मी शिकवलेला. शेजाऱ्याचं चांगलं झालं की पोटात दुखतं म्हणतात, माझ्या तर घरच्याच माणसामुळे दुखत होतं. वटपौर्णिमेला ह्याच माणसासाठी सात जन्म मागून झालेले. त्या दिवशी देवाला म्हटलं, जन्म राहू देत, ह्यांना आधी ह्या टेबलावरून उठव.

चहाच्या सुमाराला देवानं ऐकलं. ह्यांच्याकडे दोन राजे, समोरच्याकडे दोन एक्के, आणि ह्यांनी सगळं लावलं. हे दोरीजवळ आले. चेहरा एवढासा झालेला.

"तू असतीस तर राजे टाकले असतेस, ना?"

आता खरं सांगते. पहिल्या दोन पानांत दोन राजे आल्यावर टाकून देणारा खेळाडू अजून जन्माला यायचाय. मीही सगळं लावलं असतं. मीही तशीच उठले असते. पण दिवसभरात पहिल्यांदा कोणीतरी मला पत्त्यांबद्दल विचारत होतं.

"हो," मी म्हणाले. "लगेच टाकले असते."

ह्यांना ते पटलं. महाराष्ट्र मंडळात पोकरचा विषय निघाला की हे आजही सांगतात, आमच्याकडे खरी खेळाडू ही, हिनं राजे टाकले असते. सगळे माझ्याकडे वळून बघतात. मी कधी नाही म्हटलेलं नाही.